पहिला भाग आगीपाशी थांबवावा की पावतीपाशी?

माळावरची बाभूळ (पांढरकवडा परिसर, जिल्हा यवतमाळ)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि सुट्ट्यांमध्ये तीन भागांची एक कादंबरी लिहीत आले आहे. पहिल्या भागाचे हस्तलिखित प्रकाशकांनी स्वीकारले आहे, मजकुराविषयी त्यांची तक्रारही नाही. मात्र शेवटचे प्रकरण पहिल्या भागात ठेवायचे की दुसऱ्या भागाच्या आरंभी ढकलायचे, यावर आमचे एकमत होत नाही. जाणकारांनी मत द्यावे म्हणून तपशील जरा सविस्तर सांगते.

कादंबरीचा काळ १९७२ नंतरच्या पहिल्या एक-दोन हंगामांचा आहे. कापूस एकाधिकार खरेदी योजना नुकतीच सुरू झालेली असून खासगी व्यापाऱ्याला कापूस विकण्यास मनाई आहे. त्यामुळे तालुक्याच्या खरेदी केंद्राबाहेर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागते आणि माणसे कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची वाट पाहत रात्री तेथेच काढतात. चंद्रकला, तिचा धाकटा भाऊ नामदेव आणि त्यांचे वडील अशा एका रांगेत आहेत. उपांत्य प्रकरणात मध्यरात्री रांगेतल्या एका बंडीला आग लागते. मोकळा भरलेला कापूस पेटायला वेळ लागत नाही. आग एका बंडीवरून दुसरीवर जाते, चाकांना बांधलेले बैल दावी तोडून उधळतात आणि नामदेव तर घरच्या बंडीत कापसावरच झोपलेला असतो. चंद्रकला धुरात शिरते. प्रकरण तेथे संपते.

शेवटचे प्रकरण दुसऱ्या सकाळचे आहे. नामदेव वाचला आहे, त्याचा एक हात भाजला आहे. घरचा अर्धा माल आदल्या दिवशीच काट्यावर चढला होता, त्याची पावती आणायला चंद्रकला खिडकीशी जाते. पावतीवर नाव गावातल्या सावकाराचे असते आणि माल आणणाऱ्याच्या जागी अंगठा वडिलांचा असतो. ती पावतीची घडी करून पदराच्या गाठीत बांधते. बंडीपाशी परत आल्यावर वडील विचारतात, "पावती भेटली का वं?" ती म्हणते, "नाही भेटली." येथे पहिला भाग संपावा, अशी माझी योजना होती.

प्रकाशकांचे म्हणणे असे की, धुराचे प्रकरण हाताशी असताना पावतीवर थांबणे म्हणजे वाचकाला घरी जायला मोकळे सोडणे होय. भाऊ वाचतो की नाही, हे कळण्यासाठी तरी लोक दुसरा भाग मागतील. दुसरा भाग हातावेगळा व्हायला मला निदान दोन वर्षे लागतील. इतका काळ वाचकाला धुरात उभे करून ठेवण्याचा अधिकार लेखकाला आहे का, आणि असला तरी त्याचा उपयोग होतो का, हे मला समजून घ्यायचे आहे.


रात्रपाळी (हिंगणघाट)

ताई, प्रकाशकांना एकदम मोडीत काढू नका. मी मोबाइलवर दर आठवड्याला एक भाग याप्रमाणे रहस्यकथा लिहिते. तेथे वाचक पुढच्या भागाला आला नाही तर ते मला दुसऱ्याच दिवशी दिसते, त्यामुळे भाग कोठे तोडायचा हा प्रश्न माझ्यासाठी रोजच्या भाकरीचा आहे. माझे मत आगीच्या बाजूने आहे.

तोडण्याचे माझे तंत्र साधे आहे. प्रसंग पूर्ण लिहून काढायचा, मग त्याच्या शेवटापासून मागे येत शेवटचा परिच्छेद किंवा शेवटच्या चार ओळी उचलायच्या आणि पुढच्या भागाच्या डोक्यावर ठेवायच्या. म्हणजे तुटलेली कड कृत्रिम दिसत नाही, कारण ती मुळात अखंड प्रसंगातूनच कापलेली असते. याउलट, भाग संपत आला म्हणून ऐन वेळी कोणालातरी दार ठोठवायला लावले की वाचकाला तो खिळा लगेच दिसतो; आणि दार उघडल्यावर बाहेर शेजारीण विरजण मागायला आलेली निघाली, तर पुढच्या वेळी खरोखर खुनी आला तरी कोणी दचकत नाही. असे फसवे ठोके मी एका कथेत एकही चालवून घेत नाही.

तुमची आग फसवी नाही. ती कथेतून आली आहे, तिच्यात खरोखर कोणीतरी मरू शकते आणि भाऊ जिवानिशी वाचला तरी हात भाजतो, म्हणजे किंमत चुकवावी लागते. इतका सच्चा प्रसंग हाताशी असताना संकोच कशाला? वाचकाचा थोडा छळ झाला तर होऊ द्या. त्याला छळून घ्यायचे असते म्हणूनच तो कथा वाचतो. शिवाय नवीन लेखकाच्या दुसऱ्या भागाला प्रकाशक मिळणेच अवघड असते, हेही ध्यानात घ्या.


पडदावाला (वडसा-देसाईगंज)

माझे आयुष्य झाडीपट्टीच्या नाटकांत गेले. आधी नट म्हणून, आता लेखन आणि दिग्दर्शन करतो. दिवाळीनंतर आमचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात गावोगावी मंडई म्हणजे जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती भरतात, त्या निमित्ताने घरोघरी पाहुणे येतात आणि रात्री नाटक असते. पडदा उशिरा उघडतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. थंडी असते, लेकरे आयांच्या मांडीवर झोपलेली असतात, आणि मंडपात बसलेल्या निम्म्या लोकांचे घर चालत पाच मिनिटांवर असते. अशा माणसाला रात्री दोन वाजता खुर्चीवर बसवून ठेवायचे असेल तर अंक कोठे तोडावा, हे आमच्या लेखकांना कोणी शिकवावे लागत नाही. सून विषाचा पेला सासऱ्यापुढे ठेवते, सासरा तो उचलतो आणि पडदा पडतो. लोक चहाच्या टपरीवर जातात, तेथे पेल्यावरूनच भांडतात आणि घंटा झाली की परत येऊन बसतात.

पण या व्यवहारातली एक अट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पेल्याचे उत्तर आम्हाला उजाडायच्या आत द्यावेच लागते. प्रेक्षकाने तिकीट एका रात्रीचे काढलेले असते आणि "पेला सासऱ्याने प्यायला की नाही ते पुढच्या वर्षीच्या मंडईत पाहा" असे सांगण्याची हिंमत आमच्या पट्ट्यातला कोणताही नाटककार करणार नाही. केलीच, तर पुढच्या वर्षी त्या गावात त्याच्या कंपनीचा मंडप उभा राहणार नाही. ताण जितका तीव्र, तितका तो लवकर सोडवावा लागतो. मघाशी रात्रपाळीताईंनी जे सांगितले ते त्यांच्या आठवड्याच्या हिशोबाने बरोबर आहे. परंतु आठवडा आणि दोन वर्षे यांना एकच माप लावता येत नाही.

कीर्तनातही हेच आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होते, मग नामगजर होतो, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात आणि त्यानंतर उत्तररंगात आख्यान सुरू होते. कसलेले बुवा पूर्वरंगाच्या शेवटी एखादी शंका श्रोत्यांच्या मनात टाकून ठेवतात आणि आख्यानातून तिचे निरसन करतात. मधला खंड एका गजराएवढाच असतो, म्हणून ती शंका साधी असली तरी टिकते.

आता तुमच्या दोन शेवटांकडे रंगमंचाच्या बाजूने पाहतो. आगीवर पडदा पाडला तर पुढचा पडदा आगीवरच उघडावा लागतो. दोन वर्षांनी पुस्तक उघडणाऱ्या माणसाला पहिल्याच पानावर धूर, बैल, आरडाओरडा आणि नामदेव नावाचा मुलगा भेटेल. तो मुलगा कोण, बंडी कोणाची, रांग कसली, हे त्याला आठवत नसेल. मग तुम्ही एक तर धुराच्या मध्यावर थांबून मागची कथा सांगणार, नाहीतर सुरुवातीला "मागील भागात" म्हणून गोषवारा जोडणार. दोन्हींत तो प्रसंग मरतो. पावतीवर पडदा पाडलात, तर पुढचा पडदा तुम्हाला हवा तेथे उघडता येतो. सहा महिन्यांनी, सावकाराच्या ओसरीवर, चंद्रकलेच्या लग्नाच्या बैठकीत, कोठेही. पदराच्या गाठीतली पावती एवढे एक वाक्य आले की सगळे मागचे जागे होते.


जुनी फाइल (अचलपूर)

मी महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. वरील चर्चेत प्रतीक्षेच्या काळाचा जो मुद्दा आला आहे, तोच मला कळीचा वाटतो, आणि साहित्याच्या इतिहासातून त्याला पुरावे देता येतात.

ऐन संकटात प्रकरण तोडण्याच्या युक्तीची चर्चा निघाली की इंग्रज कादंबरीकार टॉमस हार्डी यांच्या 'अ पेअर ऑफ ब्ल्यू आइज' या कादंबरीचा उल्लेख होतोच. ती १८७२-७३ मध्ये एका मासिकातून क्रमशः आली. तिच्यात हेन्री नाइट हा विद्वान गृहस्थ समुद्राकाठच्या उभ्या कड्यावरून घसरतो आणि हातांच्या आधाराने लोंबकळत राहतो. त्याच्याबरोबर असलेली एल्फ्रिड मदतीसाठी दिसेनाशी होते आणि प्रकरण संपते. हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो, मात्र पुढच्या प्रकरणात हार्डी काय करतात याकडे क्वचितच कोणी पाहते. ते नाइटला लगेच वर ओढून घेत नाहीत. त्याच्या डोळ्यांसमोर खडकात रुतलेला, लक्षावधी वर्षांपूर्वीच्या एका क्षुद्र जलचराचा जीवाश्म येतो, त्याचे दगड झालेले डोळे जणू नाइटकडे पाहत असतात, आणि आपण बुद्धिमान माणूस असूनही या किड्याच्या शेजारी त्याच्यासारखेच मरणार, हा विचार त्याच्या मनात येतो. एल्फ्रिड परतते ती अंगातली आतली वस्त्रे फाडून, त्यांच्या पट्ट्या गाठवून केलेला दोर घेऊन. नाइट वाचतो. मात्र त्या सुटकेनंतर दोघे एकमेकांच्या इतके जवळ येतात की, ज्या तरुणाला एल्फ्रिडने शब्द दिला होता आणि जो त्याच दिवशी बोटीने येत होता, त्याचे भवितव्य तेथेच ठरून जाते. म्हणजे "वाचेल का?" हा प्रश्न वाचकाला पुढच्या महिन्यापर्यंत आणण्यापुरता होता, कादंबरी पुढे चालते ती "वाचल्यामुळे काय झाले?" या प्रश्नावर. आणि हेही पाहावे की पहिल्या प्रश्नाला मुदत महिन्याची होती आणि ती वाचकाला आधीच ठाऊक होती.

आपल्याकडे हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातूनच क्रमशः प्रसिद्ध केली. तिची रचना पाहिली तर एक गोष्ट नजरेत भरते. ती यमूच्या आत्मकथनाच्या रूपात आहे, म्हणजे घडून गेलेले तीच सांगत आहे. प्रसंगातून ती जिवंत बाहेर पडली की नाही, हा प्रश्नच त्या रचनेत उभा राहू शकत नाही. तरीही आठवड्याच्या आठवड्याला वाचक थांबला, कारण त्याला हवे होते ते तिने सोसले कसे आणि तिच्याभोवतीची माणसे पुढे कशी वागली, याचे उत्तर. शारीरिक धोक्याशिवायही वाचक बांधून ठेवता येतो, याचा आपल्याच भाषेतला हा जुना आणि भक्कम दाखला आहे.

एक अवांतर उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. आर्थर कॉनन डॉयल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्याच्या दरीत ढकलले ते त्याच्यापासून सुटका करून घेण्यासाठी. त्यांच्या मनात तो शेवट होता. पण पडताना कोणी पाहिले नव्हते आणि प्रेत सापडले नव्हते, त्यामुळे वाचकांनी त्या शेवटाला शेवट मानलेच नाही. १९०३ मध्ये होम्स परत आला तेव्हा त्याच दोन फटींतून आला. लेखकाने न ठेवलेला लटकता प्रश्नही वाचक दहा वर्षे जपू शकतात, असे कोणी यावरून म्हणेल. माझे उत्तर असे की, ते होम्ससाठी थांबले होते. त्याच्या अनेक कथा वाचून त्यांचा त्याच्याशी आधीच घरोबा झाला होता. नामदेव पहिल्याच पुस्तकात प्रथम भेटतो. त्याच्यासाठी इतकी उसनवारी वाचक देईलच, असे धरून चालू नये.

आता मूळ प्रश्न. दोन वर्षांत वाचक काय विसरतो आणि काय विसरत नाही, हे पाहावे. आग कोणत्या बंडीपासून सुरू झाली, चंद्रकला कोणत्या बाजूने शिरली, जू मोडले की चाक, हा सगळा भूगोल तो विसरणार. एका मुलीने वडिलांच्या तोंडावर "नाही भेटली" म्हटले, हे मात्र तो विसरणार नाही, कारण ती खोटे का बोलली हे त्याला स्वतःलाच पूर्ण उमगलेले नसते आणि तो त्यावर मनात काथ्याकूट करीत राहतो. वडिलांना वाचवायला बोलली, की त्यांना शिक्षा म्हणून? सावकाराला पावती दाखवणार, की जाळणार? "भाऊ वाचला का" याची उत्तरे दोनच आहेत आणि पुढे दोन भाग यायचे आहेत हे ठाऊक असलेला वाचक त्यांपैकी एक आधीच निवडून बसलेला असतो.

एक सूचना करतो. खासगी खरेदीला मनाई असल्यामुळे सावकाराला कर्जापोटी घेतलेला कापूससुद्धा स्वतःच्या नावाने केंद्रावरच घालावा लागतो, ही त्या काळाची गोम वाचकाला आगीच्या आधी कोठेतरी कळलेली असली पाहिजे. ती जर पावतीच्या प्रसंगातच समजावून सांगावी लागली, तर शेवट लंगडा पडेल. रांगेत वाट पाहणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून ती सहज येऊ शकते.


कोरडवाहू

टीव्हीवरच्या मालिकेत सासूचा चेहरा तीन वेळा जवळून दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी कळते की तिला नुसती शिंक आली होती. प्रकाशकांना तेवढे सांगा आणि पावती ठेवा. आम्हाला कापूस जळतानाचे वाचवत नाही, हे एक निराळेच कारण.


वर्ग ड (ग्रंथपाल, एक गाव, जिल्हा वाशीम)

लेखकांचे बोलून झाले असेल तर वाचनालयाची बाजू मांडतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे आणि त्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. आमच्यासारखी खेड्यातली वाचनालये बहुधा तळाच्या वर्गांत असतात. पुस्तकांसाठी जी रक्कम हाती राहते तिच्यातून स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि दिवाळी अंक आधी घ्यावे लागतात, उरलेल्यातून कादंबऱ्या. एखाद्या वर्षी घेतलेल्या कादंबरीचा दुसरा भाग नंतर निघाला हे आम्हाला कळतेच असे नाही, कळला तर तो त्या वर्षीच्या यादीत बसतोच असे नाही आणि बसला तर विक्रेत्याकडे शिल्लक असतोच असे नाही. त्यामुळे आमच्या कपाटात पहिले भाग पुष्कळ आहेत आणि दुसरे थोडे. तुम्ही सगळे प्रतीक्षेचा काळ मोजत आहात. आमच्या वाचकासाठी तो काळ कधीकधी संपतच नाही.

त्याचा परिणाम मी पानांवर पाहिला आहे. आमच्याकडे एक जुनी, मधेच तुटलेली कौटुंबिक कादंबरी आहे. तिच्या शेवटच्या पानाखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिले आहे, "पुढे काय झाले हे ज्याला ठाऊक असेल त्याने येथे लिहावे." त्याखाली निराळ्या अक्षरात, "ती माहेरी परत आली." त्यावर निळ्या शाईची काट आणि शेजारी, "नाही. तिने शेत केले." पुस्तकावर लिहू नये अशी पाटी मीच लावलेली असूनही ते पान मी खोडलेले नाही. विशेष असे की, ती कादंबरी अजूनही घरी जाते. तिचा शेवट तुटलेला आहे, पण त्या बाईपुढचा पेच वाचकाला पुरता कळलेला आहे, म्हणून लोक तो आपापल्या परीने सोडवतात. याउलट, एका रहस्यमालेचा पहिला भाग आमच्याकडे आहे. तो मारेकऱ्याने बुरखा काढला, येथे संपतो. ते पुस्तक एकदा नेलेला माणूस दुसऱ्या कोणाला सुचवत नाही, उलट "ते नेऊ नको, पुढचा भाग नाही" असे दारातच सांगतो. बुरख्याखाली कोण होते याची कल्पना करून कोणाचेच समाधान होत नाही, कारण ते लेखकालाच ठाऊक असते.

ताईंनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. दुसऱ्या भागाच्या मलपृष्ठावर प्रकाशक मजकूर छापणारच, आणि तो मजकूर "भाजक्या हाताचा नामदेव आता शहरात" असा काही तरी असणार. आगीचे उत्तर पुस्तक उघडण्याआधीच फुटेल. पावतीचे उत्तर मलपृष्ठावर मावणारे नाही.


माळावरची बाभूळ

सर्वांचे मनापासून आभार. जुनी फाइल सरांनी सावकाराच्या गोमेविषयी जे लिहिले ते अगदी नेमके आहे. ती माहिती सध्या पावतीच्या प्रसंगातच, खिडकीतल्या कारकुनाच्या तोंडी येते. ती मागे नेऊन रांगेतल्या शेकोटीभोवतीच्या बोलण्यात घालणार आहे. तेथे एक म्हातारा ग्रेडरच्या नावाने बोटे मोडत असतो, त्याच्याच तोंडी ती शोभेल.

प्रकाशकांशी बोलणे झाले. पडदावाल्या दादांचा पुढचा पडदा कोठे उघडायचा हा मुद्दा त्यांना पटला. ग्रंथपालांचा मलपृष्ठाचा मुद्दा ऐकून ते हसले आणि गप्प झाले. आता ते म्हणतात की पावतीचे प्रकरण पहिल्या भागात ठेवा, पण ते इतके आखूड करा की वाचकाला आगीची धग अजून जाणवत असतानाच "नाही भेटली" हे शब्द यावेत. सध्या ते प्रकरण बरेच लांब आहे. दवाखाना, पंचनामा, उरलेल्या कापसाची वाटणी असे बरेच काही त्यात आहे. ते सगळे कापून नामदेवच्या हाताला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यापासून थेट खिडकीपर्यंत जाता येईल असे वाटते. पंचनाम्याचा भाग मात्र मला सोडवत नाही, कारण त्यात वडील कोणाशीही नजर मिळवत नाहीत, हे पहिल्यांदा दिसते.


रात्रपाळी

मी अजूनही आगीच्याच बाजूची आहे, पण तुम्ही ठरवलेच आहे तर निदान नीट तोडा. पंचनामा ठेवायचा असेल तर तो पावतीच्या आधी नको. आधी आला तर वडिलांची खाली गेलेली नजर पाहून हुशार वाचक पावती वाचण्यापूर्वीच सगळे ओळखेल आणि खिडकीपाशी चंद्रकलेच्या पुढे जाऊन उभा राहील. तो सबंध उचलून दुसऱ्या भागात न्या. तेथे पंचनाम्याचा कागद पोलीस पाटलाकडे निघू द्या आणि चंद्रकलेला त्या सकाळची ती नजर तेव्हा आठवू द्या. पावती काय सांगत होती हे वाचकाला ठाऊक असल्यामुळे त्या आठवणीचे वजन तेथे दुप्पट होईल.

आणि आगीचे प्रकरण जेथे संपते तेथे "चंद्रकला धुरात शिरली" यानंतर एकही वाक्य ठेवू नका. पुढचे प्रकरण नव्या पानावर सुरू होईल, हे प्रकाशकांकडून लिहून घ्या. माझ्या एका छापील कथेत छापणाऱ्यांनी जागा वाचवायला दोन्ही प्रकरणे एकाच पानावर घेतली होती आणि वाचकाची नजर ऐन प्रसंगातून थेट खालच्या "दुसऱ्या दिवशी सकाळी"वर जाऊन पडत होती.


वर्ग ड

पाठीवर ठळक अक्षरांत "भाग पहिला" असेही छापून घ्या. ते कपाटात दिसले की वाचक पुस्तक उघडण्याआधीच मला विचारतो, आणि दुसरा भाग मागवण्याची आठवण मला त्यामुळेच राहते.